तळ्याकाठचा तांबडा धोंडा

माझ्या सासूच्या, ठमाबाईच्या, हातची काकडी ज्यांनी खाल्ली, ती माणसं अजून दुसऱ्या काकडीला नाक मुरडतात. मीही त्यातलीच. पोलादपूरच्या बाजारात आता ढिगानं काकड्या येतात, पण त्यांना आमच्या तळ्याच्या गाळाची चव कुठली?

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी नवी सून म्हणून या वाडीत आले. शिमगा झाला की तळ्याची मोरी उघडायची, पाणी खालच्या शेतांना जायचं आणि उघड्या पडलेल्या काठावर बायका काकडी, माठ लावायच्या. शेत दिरांनी गिळलेलं, माझे मालक मुंबईत कधी गिरणीत तर कधी संपावर. सासूबाईंची काठावरची पट्टी हेच आमचं पोट.

एका वैशाखात महाडहून ओव्हरसियर आला. उन्हाळ्यात तळं आटतं म्हणून त्यानं नियम केला. आमच्या पट्टीच्या खालच्या टोकाला धोंडा रोवला, त्याला तांबडा रंग फासला आणि सांगितलं, पाणी याच्या खाली उतरू द्यायचं नाही. माणूस भला. पाणी धोंड्यापर्यंत उतरणार, म्हणजे आमची पट्टी उघडी राहणार; ती वाचली म्हणून सासूबाईंनी त्याला ताक पाजलं.

पण आमची वाडी म्हणजे काय विचारता! तांबडा धोंडा दिसला की हात जोडलेच. आधी फूल आलं, मग नारळ. मृग जवळ आला तसा कोंडाजी गुरव म्हणाला, "पावसात देव बुडंल रे!" झालं. दोघा गड्यांनी देव उचलून वर बांधावर, जांभळीखाली बसवला. सासूबाईंनीच जागा सारवून दिली.

पुढच्या शिमग्याला, मोरी उघडायच्या तोंडावर, नवा ओव्हरसियर आला. त्यानं बांधावरचा धोंडा पाहिला, त्याच्या कितीतरी खाली असलेलं पाणी पाहिलं आणि मोरीला कुलूप ठोकलं. आम्ही खरं काय ते सांगितलं, तर म्हणाला, "पहिल्या जागी रोवा माझ्यादेखत. पाणी त्याच्या वर दिसलं की मी मोरी उघडतो."

ती जागा तर पाण्यात होती. देव पाण्यात कोण घालणार? कोंडाजीनं कौल लावला. धोंड्याला दोन बाजूंनी दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देव खाली येतो, डावं पडलं तर नाही. डावं पडलं. मला रडूच फुटलं.

"उठा रे. देवाच्या म्होरं कोनाचं चालतंय?" कोंडाजी म्हणाला.

सासूबाई मात्र उठून धोंड्याजवळ गेल्या. "तुजे पाय भिजू नयेत म्हून माजी चूल इजवायची व्हय रे? आमी काय खायाचं?" असं म्हणून त्यांनी त्याला मिठी घातली आणि हलवला. सगळी वाडी बघत राहिली. अडवायला कुणी आलं नाही, हात लावायलाही नाही. मग मीच पुढे झाले.

दोघी मिळून पाण्यात उतरलो. कमरेपर्यंत पाणी आलं, डोक्यावरचा पदर कधीच तरंगायला लागला होता. सासूबाई पायानं जुना खड्डा चाचपत होत्या. तो सापडला तेव्हा माझ्या हाताला रग लागली होती, आणि मी धोंडा एकदाचा सोडूनच देणार होते.

"हळू गो बाय," त्या कळवळून म्हणाल्या, "त्याला लागंल."