तिसऱ्या नंबरचा अ‍ॅम्ब्रोस

देवडी रिकामी होती. झाडून-पुसून रिकामी.

चर्चच्या दारातच डॉर्कस पिलबीम थबकली. परवाच तिने इथे अ‍ॅम्ब्रोसकाकाचा क्रूस टेकवून ठेवला होता. लाकडाला कीड लागली म्हणून औषध चोपडलेलं, वर कोरलेल्या नावाची पत्र्याची पट्टी खराब होऊ नये म्हणून तिला वर्तमानपत्र गुंडाळलेलं, आणि वास जावा म्हणून वाऱ्याला ठेवलेलं. पहिल्या महायुद्धात हा क्रूस काकाच्या थडग्यावर फ्रान्सच्या चिखलात उभा होता. पुढे तिथे दगड बसला आणि लाकूड घरी आलं. तेव्हापासून चर्चची भिंत त्याची. गावाचं युद्धस्मारक म्हणतात ते हेच.

आणि डॉर्कस काय विसरली? जत्रेच्या आठवड्यात देवडीत ठेवलं ते जत्रेला दान! पोराटोरांना पाठ असलेला नियम. गेल्या साली पाद्रीसाहेबांची सायकल अशीच विकली गेली, आणि साहेबांनी ती मुकाट्याने परत विकत घेतली.

जत्रेच्या हिरवळीवरून भोंगा ओरडला: ‘केकचं वजन ओळखा’ स्पर्धेतल्यांनी केक चाखू नये. पुन्हा सांगतो. चाखू नये!

मर्टल आत्या निघालीसुद्धा असेल. अ‍ॅम्ब्रोसची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली. डोळे गेलेत. दर जत्रेला चर्चमध्ये येते, पट्टीवरून बोट फिरवून भावाचं नाव वाचते, मग चहा पिते. यंदा तर बुजगावण्यांच्या स्पर्धेची परीक्षक. आधी निकाल, मग क्रूस, मग...

साठी उलटलेली डॉर्कस पळत सुटली.

"बार्नी! देवडीतलं लाकूड कोणी नेलं?"

बार्नी अपजॉन म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या. तोंडात केक.

"कुठलं लाकूड?"

"उभं-आडवं!"

"हां, ते! काय झकास निघालं गं. हात आयतेच होते."

"कसले हात?"

"आमच्या बुजगावण्याचे. नाचणारी बाई केलीय. पहिला नंबर पक्का!"

"अरे गाढवा, ते काकाचं... भिंतीवरचं!"

बार्नीने केक गिळला. "भिंतीवर ते अंधारात असतं गं," तो कसाबसा म्हणाला. "उजेडात कोण ओळखणार?"

भोंगा: परीक्षक मर्टलबाई आल्या आहेत! टाळ्या!

नाचणारी बाई बँडच्या शेजारीच उभी होती. गुलाबी झगा, पिसांची माळ, लालभडक ओठ. डॉर्कसने तिची कंबर धरली. ओढली. हलेना, बार्नीने खोल रोवलेली. डावीकडे पिळली, उजवीकडे पिळली, आणि बँडवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे, त्यांनी चाल वाढवली, लोकांनी ताल धरला, "फिरव डॉर्कस, फिरव!" आणि डॉर्कस फिरली, पिसं फिरली, तंबू, केक, पाद्रीसाहेब सगळे फिरले आणि

फट्.

बाई उपटली. डॉर्कस उताणी. बाई तिच्यावर. दोघी आत्याच्या पायाशी.

"कोण पडलं?" आत्याने विचारलं.

"मी, आत्या."

"आणि वरचा कोण?"

"बुजगावणं."

"स्पर्धेतलं? मग बघू दे की."

आत्या काठी टेकत खाली वाकली. बोटांनी टोपी चाचपली, पिसं चाचपली, झग्याच्या गळ्यातून हात आत घातला.

"बाईसाहेब, तिथे नका—" बार्नी लाजला.

आत कागद फाटल्याचा आवाज आला. बोटं थांबली. मग पट्टीवरून हळूहळू सरकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डॉर्कसने डोळे मिटून घेतले.

"डॉर्कस," आत्या म्हणाली, "ह्याला काय घातलंय?"

"झगा, आत्या. गुलाबी."

"आणखी?"

"पिसं. ओठ... लाल रंगवलेत."

आत्याचे खांदे गदगदा हलायला लागले. रडतेय, डॉर्कसला वाटलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं राखलेलं मी एका जत्रेत घालवलं. आणि मग आत्याची कवळी सुटता सुटता राहिली, इतकी ती हसत होती.

"अगं, एकोणीस वर्षांचं पोर होतं ते! गप्प बसून कधी जेवला नाही. आणि मी आले की तुम्ही सगळे हळू आवाजात बोलता. साधूच करून टाकलात त्याला. ऊठ. धर त्याला मागून."

"कशाला?"

"बँड थांबायच्या आत नाचायचंय मला."

आत्याने काठी बार्नीकडे फेकली. दोन म्हाताऱ्या आणि मधे अ‍ॅम्ब्रोस, अशी वरात हिरवळीवरून निघाली. केकच्या टेबलाला धक्का देऊन परत आली. पेंढा उडत होता. पाद्रीसाहेबांनी भोंगा खाली ठेवला आणि केक सावरला.

धापा टाकत आत्याने निकाल सांगितला. नाचणाऱ्या बाईचा नंबर तिसरा.

"तिसरा?" बार्नी किंचाळला. "सगळी जत्रा हिच्याकडे बघतेय!"

"बघू दे. सख्खा भाऊ आहे माझा. पहिला नंबर दिला तर गाव काय म्हणेल?" आत्याने त्याच्या हातातून काठी ओढून घेतली. "शिवाय कंबर ढिली बांधलीस."