उस्तादांची रेघ

निगोरा तीन वर्षांची असताना तिनं तापलेल्या तंदूरच्या कडेवर हात टेकला. मी दहा पावलांवर बसून नववीच्या भूमितीचे पेपर तपासत होते. जखम भरली, पण कातडी आखडली आणि उजव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिली. आता ती पाच वर्षांची आहे. नान तोडायचा तर डाव्या हातानं.

आमच्या कुलोबहून तिला राजधानीच्या इस्पितळात आणलं ते डॉक्टर गुलरुख्सोर आपांच्या भरवशावर. त्यांनी मला कागदावर आखून दाखवलं होतं: कातडीचे दोन त्रिकोण सोडवून त्यांची अदलाबदल करायची, की आखडलेला पट्टा लांब होतो. त्रिकोण सारखे हवेत आणि बोटाच्या कडेच्या रक्तवाहिनीपासून लांब. हाड वाढतं, व्रण वाढत नाही, तेव्हा उशीर करू नकोस, असंही म्हणाल्या.

आपांच्या शस्त्रक्रिया विभागाला त्याच आठवड्यात पन्नास वर्षं होत होती. भाजलेल्यांच्या वॉर्डामागच्या दोन खोल्या आणि एक दिवा, एवढ्यावर उस्ताद मिर्झोशरीफ यांनी तो सुरू केला होता. आता चार मजले झालेत, आणि भिंतभर शिष्यांचे फोटो, त्यातले निम्मे स्वतः प्राध्यापक. रीत मात्र पहिल्या दिवसाची: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कातडीवर हिरव्या औषधाची रेघ उस्तादांनी काढायची, आणि ती कुणी हलवायची नाही.

चौऱ्याऐंशी वर्षांचे उस्ताद सकाळी आले. मागे आपा आणि दहा विद्यार्थी. त्यांनी निगोराला खाऊची गोळी दिली, काडी औषधात बुडवली.

"आजोबा, तुमचा हात का हलतोय? दुखतो?" निगोरानं विचारलं.

विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. "थंडी आहे ना, राणी," उस्ताद हसून म्हणाले. जून महिना होता.

रेघ मी पाहिली. एक त्रिकोण दुसऱ्याच्या निम्मा, आणि टोक थेट करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेवर गेलेलं. आपांनीही पाहिलं. छातीवर हात ठेवून त्यांनी नुसते आभार मानले, "रहमत, उस्ताद."

दुपारी नर्सच्या ट्रेमधलं स्पिरिट घेऊन मी ती रेघ पुसली. रेघ पुसलेली दिसली की उस्ताद नसताना आपाच नवी काढतील, असा माझा हिशेब. पण नर्सनं वर कळवलं आणि सगळे परत आले.

"कुणी पुसली?" उस्तादांनी विचारलं.

"मी. त्रिकोण सारखे नव्हते, उस्ताद. तुमचा हात थरथरला."

त्यांनी हात डगल्याच्या खिशात घातला. मग माझ्याकडे न बघता आपांना म्हणाले, "उद्या चाकू मी धरीन. ही बाई सांगेल कुठे थरथरतो ते."

"जशी आज्ञा," आपा म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी माझा दंड धरला. "काय करून बसलीस, पोरी? दोन वर्षं मी त्यांच्या रेघेवर चाकू नुसता टेकवते आणि कापते मला योग्य वाटेल तिथे. त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग आता त्यांनाही सांगा, आपा."

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. तिथल्या एका फोटोत विशीतल्या आपा टाका घालत होत्या आणि उस्तादांनी त्यांचं मनगट धरलं होतं.

"निदान उद्या त्यांना थांबवाल का? एवढंच सांगा."

त्यांनी माझा दंड सोडला. मग त्या वॉर्डाकडे चालू लागल्या.

संध्याकाळी संमतीचा कागद आला, मी सही केली नाही. पुढचा नंबर वसंतात, कारकून म्हणाला, तोही मिळाला तर. सकाळी आम्ही निघालो तेव्हा अंगणात समारंभाच्या खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि पुलावाची कढई चढली होती. आपा खिडकीत होत्या. खाली आल्या नाहीत.

बसमध्ये निगोरानं डाव्या हातानं ती दोन बोटं जमेल तेवढी उचलून आत पाहिलं. फिकट हिरवं अजून होतं.

"आई, आजोबांनी रेघ काढली, मग बोटं उघडली का नाहीत?"

मी नान तोडून तिच्या डाव्या हातात दिला.