गाल्लुसची पांढरी पूड

गावाच्या बिअर बनवायच्या सामाईक भट्टीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मठातल्या ब्रदर गाल्लुसने आफ्राच्या गढूळ बिअरचा काचेचा चंबू उंच धरला, चिमूटभर पांढरी पूड टाकली आणि घुसळला.

"संतांच्या हाडांची राख आहे ही! आफ्राच्या घरातल्या पापा, खाली बस!"

बघता बघता गुठळ्या झाल्या, तळाशी बसल्या आणि वर सोन्यासारखी बिअर उरली. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

गेल्या शरदात आफ्राची बिअर गढूळ राहिली, तेव्हा याच करामतीवर त्याने त्या विधवेच्या घरात पाप असल्याचं ठरवलं होतं. प्रत्येक घराने आपलं पाणी, आपलं लाकूड आणून पाळीने बिअर करायची, तयार झाली की दारावर लाकडी तारा टांगून गावाला प्यायला बोलवायचं, ही गावाची रीत. आफ्राची पाळी गेली, तारा उतरला, शेजारी उंबऱ्यावर यायचे थांबले. वर्षभर ती एकटी जेवली आणि त्याच्यावर दात धरून राहिली. आज तिनेच त्याला बोलावलं होतं.

"गेलं पाप?" तिने गोड आवाजात विचारलं.

"गेलं, बाई. पण दरवर्षी पूड लागेल हो!"

"मग हीही घाला." तिने त्याच चंबूत मूठभर साखर ओतून घुसळलं. गुठळ्या सुटल्या. बिअर गढूळ झाली ती निवळेचना.

"संतांना गोड सोसत नाही वाटतं!" भट्टीवाला वेंडेलिन खदखदून हसला.

आफ्राने दुसऱ्या गढूळ चंबूत गवंड्याकडचं जिप्सम, म्हणजे चुन्याचीच एक पांढरी पूड, टाकलं. तीही बिअर निवळली.

"गढूळ दिसतं ते यीस्ट आहे, पाप नाही! साखर संपली आणि पाण्यात चुना असला की त्याचे कण एकमेकांना धरून तळाला बसतात. गेल्या वर्षी माझी विहीर आटली, म्हणून पन्हाळीचं पाणी वापरलं. पावसाच्या पाण्यात चुना कुठला? आज घरच्या पातेल्यात मुद्दाम तेच पाणी घेतलं."

गाल्लुस दाराकडे सरकला. वेंडेलिन आडवा आला.

"जाऊ द्या, बाई. देव क्षमा करतो," गाल्लुस म्हणाला.

"तो करेल. मी नाही. तारा तू उतरवलास, तूच टांग!"

सगळा गाव तिच्या दारी लोटला. गाल्लुसने शिडी चढून तारा टांगला. आफ्राला मनापासून बरं वाटलं.

"आणि तुम्ही!" ती शेजाऱ्यांकडे वळली. "दोन चंबू, एक चिमूट, एवढं करून पाहायला कुणाचे हात झडले होते? पुढे कुणी चमत्कार आणला तर गुडघे टेकण्याआधी तो घरी करून पाहा."

वेंडेलिनने टोपी काढून पेला पुढे केला. आफ्राने तो रिकामाच परत दिला.

"वर्षभर थांब," ती म्हणाली. "मी थांबले तसा."