विळ्यावरची खूण

"सरकारी नाण्यावर घाव घालता, एक दिवस पोलिस दारात येतीन!" सुशीला चुलीपुढून ओरडली.

शांतारामनं मान वर केली नाही. दहाचं नाणं ऐरणीवर ठेवलं, त्यावर लोखंडी ठसा टेकवला आणि हातोडी हाणली. उमटली चंद्रकोर, पोटात तीन ठिपके. आजा विदर्भातून भोपाळकडं आला तो हा ठसा घेऊनच. घरातला विळा, कुदळ, पहार, सगळ्यांवर हीच खूण. शेजारी गेलेलं हत्यार खुणेनं घरी परत येतं. मग पोरगं का येणार नाही, एवढाच त्याचा साधा हिशेब.

पोरगं म्हणजे बाविशीतला वरुण. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात त्याच्या हातून विहिरीवरची मोटर जळली आणि वांगी उभ्याउभ्या वाळली. शांतारामनं चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. म्हणाला, "पुन्हा तोंड दावू नको." मोबाईलसुद्धा घरी टाकून पोरगा निघून गेला. बापाचा एवढा एक शब्द त्यानं मुकाट पाळला.

"बिट्टन मार्केटात दिसला म्हने कोनाले," शांताराम म्हणाला. "भाजी इकतो तिथंच सुटे देतो मी. फिरत फिरत पडनच त्याच्या हातात. बापाचा राग गेला, समजन त्याले."

"चालते कुठं ते नानं? नेहरू नगरचा किरानावाला म्हने, 'अम्मा, ठप्पेवाला नहीं लेंगे.' मिठाबिगर आली मी." सुशीलानं चुलीत लाकूड सारलं. "तवाच तोंडानं बोलले असते, तर आज ठोकाव नसतं लागलं."

शांतारामनं दुसरं नाणं ऐरणीवर ठेवलं.

पौषात दहिवर गोठून हरभरा काळा पडला. त्याच सकाळी खरोखरच पोलिस आला. शांतारामनं हात जोडले. "साहब, गलती हो गई. अब नहीं ठोकूंगा."

शिपायानं रुमालाची गाठ सोडली. आत अकरा नाणी होती, अकराही खुणेची. "ये निशान आपका है? मंडी में सबने आपका ही नाम लिया."

"हौ साहब."

शिपायानं टोपी काढली. "सोनागिरी में एक दुकान के चबूतरे पर लड़का मिला है. रात की ठंड में चल बसा. हम्माली करता था. जेब में बस यही था."

पोटात अन्नाचा कण नव्हता, असं डॉक्टरनं सांगितलं. उपाशी मेलं पोरगं, पण मंडईत चालत असूनही त्यातलं एकही नाणं त्यानं मोडलं नाही. बापाची खूण त्याला कळली होती, पाय तेवढा घराकडं वळला नाही. खाण तशी माती, दुसरं काय!

अंगणात तिरडी बांधली. तोंडात ठेवायला शेजाऱ्यानं कोरं नाणं काढलं. सुशीलानं त्याचा हात बाजूला सारला, रुमालातलं एक नाणं उचललं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे ठेवा. तिथं कोनी इचारलं, तर कोनाच्या घरचा हाय ते तरी समजन."