हरलेल्या राजाची झील

"केरबामामा, पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि गुमान विंगेत बसायचं. तोंड उघडायचं नाही," लुंबिनी मॅडमनी तिसऱ्यांदा बजावलं.

"मी कशाला उघडू? मला काय रशियन येतंय?"

रशियाकडचा दाढीवाला पाहुणा मांडीवर लायर नावाचं वाद्य घेऊन बसला. तान्ह्या लेकराएवढं लाकूड, त्यावर नऊ तारा. आठशे वर्षांपूर्वीच्या एका राजाची स्वारी तो गाणार होता.

केरबा नांदेडच्या या कॉलेजात शिपाई. पण खरा जीव झीलकऱ्याचा. लोह्याच्या बजरंग शाहिराच्या पाठीमागं उभं राहून तीस वर्षं त्यानं पोवाड्यांना 'जी जी रं जी' ओढलं. शाहीर गेला, तेव्हापासून चार वर्षं झील गळ्यातच पडून होती. ती एकट्यानं ओढायची गोष्ट नव्हे. पुढं कुणीतरी गाणारा लागतो. तेवढी एकच भूक त्याला उरली होती.

पाहुण्यानं पहिलं कडवं उंच नेलं आणि थांबला. मागं कुणीच नाही. ती मोकळी जागा केरबाला सोसवेना.

"जी जी रं जीऽऽ जी!"

पोरं खदखदली. मॅडमनी कपाळाला हात लावला. पाहुण्यानं मात्र भुवया उडवल्या आणि पुढच्या कडव्याला मुद्दाम थांबून विंगेकडं मान वळवली. मग काय विचारता! केरबानं कानावर हात ठेवून अशी झील ओढली, की मोबाइलमध्ये बुडालेली पोरंही टाळ्यांचा ठेका धरू लागली. पाहुण्याचा आवाज उतरत गेला, तसा केरबाला अधिकच चेव चढला. "शाब्बास, माझ्या राजा! हाण गड्या!"

मॅडम वाकत वाकत विंगेत आल्या. "अहो मामा, राजाच हरलाय! फौज कापली गेली, तो कैद झालाय!"

"हरला?" केरबाचा हात कानावरच राहिला. "मंग ह्यो गाऊन कशाला राहिलाय?"

"तिकडं हरलेल्याचंही गातात."

"आन् मी घंटाभर शाब्बास म्हणून राहिलोय! आधी सांगायचं न्हाई का?"

"तुम्हाला गायला सांगितलं कुणी होतं?"

बजरंग शाहिराचा एकही राजा कधी हरला नव्हता. हरलेल्यासाठी झील कशी ओढायची, हे केरबाला कुणी शिकवलंच नव्हतं. तेवढ्यात कडवं संपलं. पाहुण्याची बोटं तारांवर थांबली. तो वाट बघत होता. पोरं टाळीचे हात उचलून बसली होती.

केरबानं चपला काढल्या. विंगेतून निघून तो पाहुण्याच्या डाव्या खांद्यामागं, झीलकऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला. आणि घरात दुखणेकऱ्यानं हाक मारली की ओ द्यावी, तेवढ्याच आवाजात म्हणाला, "जी."

पाहुण्यानं मागं वळून पाहिलं नाही. खांदा तेवढा जरा सैल सोडला आणि पुढचं कडवं उचललं.