लेकीने वाचलेली बातमी

मित्रांनो, मी एक जुना प्रॉम्प्टर आहे. नाव जड वाटलं तर बातम्यांची काच म्हणा. एका कारखान्यात मला घासूनपुसून तयार केलं आणि वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलं. माझ्यावर मोठाली अक्षरं वर सरकायची, निवेदिका ती वाचायची आणि घरी तुम्हाला वाटायचं, ही ताई आपल्या डोळ्यांत बघून मनातलंच सांगतेय.

निवेदिका गुणी होती. कितीही अवघड जोडाक्षरं येवोत, तिची जीभ अडखळायची नाही. वाहिनीचे साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिच्यापुढे काहीही ठेवा, खरंच वाटतं!" ती खूश व्हायची. मीही फुलून जायचो.

तिचे बाबा त्याच शहरात चार पानांचं साप्ताहिक काढायचे. घराच्या पुढच्या खोलीत छपाईयंत्र, मागच्या खोलीत संसार. छापलेल्या पानांतल्या चुका शोधायला लावून त्यांनीच तिला वाचायला शिकवलं होतं. त्यांनी एकदा छापलं, की रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतंय आणि खालच्या वस्तीतली मुलं त्यानेच आजारी पडताहेत. त्या कारखान्याच्या जाहिराती आमच्या वाहिनीवर दिवसभर चालायच्या.

साहेबांनी बाबांना चर्चेला बोलावलं. समोर बसवायचं ठरवलं लेकीला.

"साहेब, आज दुसऱ्या कुणाला तरी बसवा ना," ती म्हणाली. "माझे वडील आहेत ते."

"म्हणून तर तू!" साहेब हसले. "पोटची पोर विचारतेय म्हटल्यावर लोक टीव्हीसमोरून हलणार नाहीत. नाही जमत? तुझ्या खुर्चीसाठी बाहेर रांग लागलीय."

ती बसली. माझ्यावर प्रश्न आला. तिने वाचला, "अफवा पसरवून शहराला घाबरवायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू ती मुलं बघून आलीस का?" बाबांनी विचारलं. "मी आलो. हे तिथलं पाणी, बाटलीत भरून आणलंय. बघ तरी..."

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी त्यांचा माइक बंद केला. बाबा बोलतच राहिले. स्टुडिओत आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तुम्हाला घरी फक्त हलणारे ओठ दिसले. माझ्यावर पुढची ओळ सरकली.

"बघा, यांच्याकडे उत्तरच नाही," तिने वाचलं. एकही अक्षर न चुकता.

बाबा थांबले. शर्टाला लावलेला माइक काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "उच्चार स्वच्छ आहेत हो तुझे," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. माझ्यावर लगेच आलं, 'प्रश्नांना घाबरून पळ काढला.' तेही तिने वाचलं.

दुसऱ्या दिवशी ती चर्चा बघून चिडलेल्या घोळक्याने साप्ताहिकाच्या दारावर दगड मारले आणि आत घुसून यंत्र फोडलं. आडवे आलेल्या बाबांच्या डोक्याला लागलं. त्यांनी अंथरूण धरलं आणि त्यातून ते उठलेच नाहीत. ते अंथरुणावर असताना लेक भेटायला गेली, तर आईने दार उघडलं नाही. हे सांगताना तिला हुंदका फुटला, तेव्हा मेकअपवाल्या मावशी म्हणाल्या, "रडू नकोस गं, काजळ उतरेल."

पुढे तपासणीत पाणी खरंच विषारी निघालं. आता सांगणं भागच होतं. माझ्यावर एक ओळ आली, तिच्यात बाबांचं नाव नव्हतं. ओळ वाचून झाल्यावरही ती माझ्याकडे बघत राहिली, पुढे काही येईल म्हणून. पुढे हवामान आलं. तिने ते वाचलं.

आता नवी, पातळ काच आलीय आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलोय. माझं राहू द्या, मित्रांनो. तुमच्या गल्लीत कुणी असं छोटं वर्तमानपत्र काढत असेल, तर ते वाचा. त्याचं चुकलं तर तोंडावर सांगा, भांडा. पण त्याच्या दाराशी दगड घेऊन जाऊ नका. यंत्र फोडल्याची दृश्यं आमच्या पडद्यावर दिवसभर फिरत होती. दगड मारणाऱ्यांत खालच्या वस्तीतली, तुमच्याएवढी मुलंही होती. मारून मारून दमली, तेव्हा कोपऱ्यावरच्या नळाला तोंड लावून ती पाणी प्यायली.