अब्बांची रायफल

इब्राहीमभाईंना जाऊन चाळीस दिवस झाले. चाळिसावा उरकल्यावर त्यांची मुलगी सुरय्या भावाला म्हणाली, "जिशान, लायसन अब्बांच्या नावचं होतं. रायफल ठाण्यात जमा करून ये."

"करतो ना. आधी साफ करू दे. अशी गंजलेली नेली तर काय म्हणतील?"

रायफल आजोबांची, शेतातल्या रानडुकरांसाठी घेतलेली. अब्बांनी जिशानला त्या रायफलीला कधी हात लावू दिला नव्हता. सिंदेवाहीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बंदूक साफ करण्याचा एखाददुसरा व्हिडिओ बघून त्याला वाटलं, कळलं सगळं.

दुपारी तो परसात बसला. खालचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. मॅगझिन निघालं म्हणजे बंदूक रिकामी, असं त्यानं धरलं. बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, मागे ओढून नळीत बघायला हवं होतं. पण बोल्ट गंजून बसला होता, म्हणून जिशाननं नाद सोडला. मग घोडा चालतो का बघायला तो दाबला.

नळीत गोळी होती. बांबूचं कुंपण फोडून ती शेजारच्या मीराबाईच्या पोटरीत घुसली.

"जिशान! धाव रे बाबू!"

कोणी मारलं हे तिला ठाऊक नव्हतं. जवळचा म्हणून तिनं त्यालाच हाक मारली. जिशान उठला, पण घरात पळाला. रायफल चादरीत गुंडाळून तांदळाच्या पोत्यांमागं सारली, हाताचं तेल पुसलं, आणि मग गेला. तोवर तिची सून नूतननं पदर फाडून जखम बांधली होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात नेताना मीराबाई त्याचाच हात धरून होती. 

गाव जंगलाला लागून. कुण्या शिकाऱ्याची गोळी, असंच सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गावातल्या नथ्थूला उचललं. पूर्वी तो ससे मारायचा, एवढंच कारण. ते ऐकलं आणि जिशान जेवणावरून उठला. तो दवाखान्यात गेला, खाटेपाशी उभा राहिला.

"मावशी, गोळी माझ्या हातून सुटली."

मीराबाईनं विचारलं, "मी हाका मारून राह्यली होती, तवा तू का करून राह्यला होता?"

"बंदूक लपवत होतो."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "जा. आधी नथ्थूले सोडव."

त्यानं ठाण्यात सगळं सांगितलं, लपवल्याचंही. रायफलीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. पोलीसच येऊन घेऊन गेले. नथ्थू सुटला. जिशानवर केस झाली, जामीन मिळाला. मीराबाईचा पाय वाचला, पण चिखलात वाकून उभं राहणं संपलं.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत जिशान दुकान बंद ठेवून तिच्या बांधीत, चिखलाच्या शेतात, उतरला. पुरुष रोप लावतोय म्हणून रोवणाऱ्या बायका हसल्या. नूतननं मुकाट्यानं रोपांची पेंडी त्याच्याकडे टाकली. मीराबाई शेताकडेच्या धुऱ्यावर काठी घेऊन बसली होती. दुपार टळली तरी तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मग एकदम म्हणाली,

"एवढं खोल नको लावू. सडते ते."

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. जिशाननं रोप उपटलं आणि उथळ लावलं.